पावासाठी जॅम

भट्टीकाकांना गल्लीतल्या कोणी दिवसाउजेडी हसताना पाहिलं नव्हतं, कारण दिवसाउजेडी ते मुळात दिसायचेच नाहीत. जग अंथरुणावर पडलं की काका उठायचे, जिन्याने खाली बेकरीत उतरायचे आणि पीठ मळायला घ्यायचे. जग उठून दात घासू लागलं की त्याच्या हातात गरम पाव ठेवून काका वर जायचे, खिडकीला जाड काळं कापड लावायचे, कानात कापसाचे बोळे कोंबायचे आणि आडवे व्हायचे. लग्न झाल्यापासून काका-काकूंचा संसार असा पाळीपाळीने चालला होता. काकू दुकानात गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आमच्यात भांडणं होत नाहीत. एक जागा असला की दुसरा झोपलेला असतो."

हे अर्थात खरं नव्हतं. भांडणं व्हायची, पण ती संध्याकाळच्या चहाला, आणि चहा संपला की उरलेलं भांडण झाकून ठेवलं जायचं.

काकांचा स्वभाव तसा वाईट नव्हता. फक्त पाव आणि झोप या दोन गोष्टींत कोणी हात घातलेला त्यांना खपायचा नाही. पावात कोणी घालत नव्हतं. झोपेत घातला तो समोरच्या बँडने.

बेकरीसमोर टायरवाल्याची पत्र्याची शेड होती. टायरवाल्याने ती सरावासाठी भाड्याने दिली. भाडेकरूंचा म्होरक्या म्हणजे जटा. केस कमरेपर्यंत, म्हणून जटा; एरवी तो दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कवळ्या घासायचा. सकाळची पाळी संपली की दुपारी हा आणि त्याचे साथीदार शेडमध्ये जमायचे आणि वाजवायला लागायचे. वर काकांच्या पलंगाखालची तपेली थरथरायची.

पहिल्याच आठवड्यात काका झोपेच्या लेंग्यावर खाली उतरले. हातात भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं. त्यांनी शटरवर ते दणादण आपटलं. आतून जटा घामाघूम होऊन बाहेर आला आणि डोळे चमकवत म्हणाला, "काका, तुम्ही आत्ता आपटलंत ना, ते अगदी समेवर आलं!"

दुसऱ्या खेपेला काकांनी ठरवलं, गाणं मध्येच तोडायचं नाही, संपू द्यायचं आणि मग शांतपणे चार शब्द सुनावायचे. ते शेडच्या दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. गाणं संपेना. संपतंय असं वाटायचं, काका घसा साफ करायचे, तेवढ्यात गिटारवाल्याला कुठली तरी वेगळीच वाट सापडायची आणि बाकीचे त्याच्या मागे निघायचे. काकांचे पाय दुखायला लागले. शेवटी ते न बोलताच घरी आले आणि काकूंना म्हणाले, "काय ओरडायचं होतं तेच विसरलो गं."

"त्याला जॅम म्हणतात," काकूंनी सांगितलं. "आधी काही ठरवायचं नाही. एकानं सुरू करायचं, मग गाणं जाईल तिकडं सगळ्यांनी जायचं. जॅम बँड आहे त्यांचा."

"जॅम? आणि बेकरीसमोर?" काका म्हणाले. "टिंगल चाललीय माझी."

तर असं ते वैर वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. आणि मग एका सकाळी भट्टी बसली.

भट्टी काकांच्या वडिलांच्याही आधीची होती. विटांचा घुमट, आत पोटात खोल जागा. आदल्या काही दिवसांपासून तिच्यातून माती गळत होती आणि काका तिला "थांब गं जरा" म्हणत चालवून घेत होते. त्या दिवशी पावांचा शेवटचा घाणा आत असताना पिठाचं पोतं पडावं तसा आवाज झाला आणि घुमट पावांसकट खाली आला. कोणाला खरचटलंही नाही. गवंड्याने आत बॅटरी मारून पाहिलं आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तशा आवाजात सांगितलं, "काका, आता डागडुजी नाही. नवीनच बांधायला लागेल." नवीन भट्टीचा खर्च ऐकून काका बेकरीच्या पायरीवर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला काकू पुढे बरेच दिवस 'तो काळ' म्हणायच्या. काकांना झोप येईना. रात्री यायची नाही, कारण रात्री झोपायची त्यांच्या शरीराला सवयच नव्हती. दिवसा यायची नाही, कारण काम केल्याशिवाय झोपणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. मग ते घरभर फिरायचे. त्यांनी काकूंचे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. काकूंना साखर सापडेना. त्यांनी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि त्यामुळे काका आता मागे नेमके कधी येऊन उभे राहतात हे काकूंना कळेनासं झालं.

त्यात भर म्हणजे शेडमधला आवाज बंद झाला होता. काकांच्या दुःखात सहभागी म्हणून बँडने सराव थांबवला होता. दुपारी काका काळं कापड लावून पडायचे आणि छताकडे बघत राहायचे. एवढी शांतता त्यांनी आयुष्यभर मागितली होती आणि आता ती कानात माशीसारखी गुणगुणत होती. हे अर्थात त्यांनी कोणालाही सांगितलं नाही.

गल्लीचेही हाल होते. लोकांना पाव तर लागायचा. मग ते लांबच्या मोठ्या दुकानातून कारखान्याचा ब्रेड आणायचे आणि काकांच्या दारावरून जाताना लपवायचे. कोपऱ्यावरचे औषधवाले तर ब्रेड कोटाच्या आत पोटाशी धरून न्यायचे. एकदा काका पायरीवर बसले होते. औषधवाले समोरून आले, एकदम ताठ चालायला लागले. काकांनी नाक वर करून हवा हुंगली.

"कालचा आहे," काका म्हणाले.

"काय, काका?"

"तुमच्या पोटाशी आहे तो. आणि मीठ कमी आहे त्यात. जा, खा."

औषधवाले घरी गेले खरे, पण तो ब्रेड त्यांच्या घशाखाली उतरला नाही. संध्याकाळी ते जटाला भेटले. दोघांचं काय बोलणं झालं ते झालं, दुसऱ्या दिवशी जटा काकांच्या दारात उभा.

"काका, आम्ही तुमच्या भट्टीसाठी कार्यक्रम करतोय. रविवारी दुपारी, शाळेच्या मैदानात. आमचा बँड, नदीपलीकडचा आणखी एक बँड, आणि डोंगरावरच्या लोकगीतं गाणाऱ्या आत्या येणारेत. जी तिकिटं खपतील त्यांचे सगळे पैसे भट्टीला."

काकांचा पारा चढला. "मी काय हात पसरून बसलोय? आणि तुम्ही? तुम्ही करणार माझ्यासाठी? मी तुमच्यावर दोनदा तक्रार केलीय!"

"चारदा," जटा नम्रपणे म्हणाला. "पण काका, आमचा बँड उभाच तुमच्या पावावर आहे ना."

"म्हणजे?"

जटाने काकूंकडे पाहिलं. काकूंनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीला बघायला कोणी उरलं नाही, म्हणून शेवटी काकूच बोलल्या. "उरलेला असायचा हो. संध्याकाळी मागच्या दारानं देत होते. पोरं दमून बसलेली असायची उपाशी."

"किती वर्षं?"

"शेडमध्ये आले तेव्हापासून."

काका खुर्चीत बसले. त्यांना स्वतःचं आयुष्य एकदम नव्याने दिसलं. "म्हणजे मी त्यांच्याशी लढत होतो," ते सावकाश म्हणाले, "आणि त्यांना रसद माझ्याच घरातून जात होती?"

मग काकांच्या कपाळावर आणखी एक आठी पडली, आणि ही पहिलीपेक्षा खोल होती. "थांब. संध्याकाळी दिलास म्हणजे सकाळचा. बारा तासांचा शिळा! माझ्या हातचा पाव तू लोकांना शिळा खाऊ घातलास?"

"आम्हाला आवडायचा, काका," जटा म्हणाला.

"तुम्हाला काय कळतंय! तुम्ही ताजा कधी खाल्लाय का?"

जटाने मान हलवली. नव्हता खाल्ला. सकाळी तो कवळ्या घासत असायचा. मग काका म्हणाले, "किती वाजता आहे म्हणालास?" काकू साखर शोधायला आत गेल्या.

रविवारी काकांनी लग्नातला कोट बाहेर काढला. बटणं लागण्याचा प्रश्नच नव्हता. बाह्यांत हात गेले हेच पुष्कळ. मैदानात पोचल्यावर त्यांनी पाहिलं तर व्यासपीठावर आडवा लांबलचक फलक होता: 'पावासाठी जॅम'. ते वाचून काकांनी ओठ घट्ट मिटले, पण मिशी हललेली काकूंना दिसली.

मैदान माणसांनी भरलं होतं. अख्खी गल्ली होती, तिच्या पलीकडच्या गल्ल्या होत्या, आणि काकांनी जन्मात न पाहिलेली माणसं येऊन त्यांचा हात हातात घेत होती. "मी लहानपणापासून तुमचा पाव खातो," असं एक टक्कल पडलेला माणूस म्हणाला तेव्हा काकांना स्वतःचं वय कळलं. दिवसाच्या उजेडात एवढे चेहरे बघायची सवय नसल्याने ते सारखे डोळे मिचकावत होते आणि लोकांना वाटत होतं, त्यांना गहिवरून येतंय.

औषधवाले सूत्रसंचालक होते. त्यांनी काकांना अगदी पुढे, व्यासपीठाच्या पायथ्याशी, शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या खोलीतून आणलेल्या गादीच्या खुर्चीत बसवलं. दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर. समोर एका काठीवर माइक.

"हा कशाला?" काका दचकले.

"शेवटी तुम्हाला आभाराचे दोन शब्द बोलायचेत. तेव्हा धावपळ नको म्हणून आत्ताच लावून ठेवलाय."

ते मनातल्या मनात दोन शब्द जुळवायला लागले. पहिला 'मित्रहो' ठरला. दुसरा सुचेना.

सुरुवात डोंगरावरच्या आत्यांनी केली. म्हातारी चांगली उंचनिंच होती. खांद्यावर शाल, पायात पुरुषी बूट. तिचा भाऊ शेजारी डफ घेऊन बसला होता आणि चेहऱ्यावरून तो कोणाचा तरी दाखला काढायला आल्यासारखा वाटत होता. आत्यांचा आवाज मात्र असा, की मैदानाच्या टोकाला आइस्क्रीम विकणाऱ्यानेही गाडीची घंटा हाताने दाबून धरली. हरवलेल्या बकरीचं गाणं होतं. नवरा बकरी शोधायला जातो आणि प्रत्येक कडव्यात काहीतरी दुसरंच घेऊन घरी येतो. लोक हसत होते, टाळ्यांनी साथ देत होते. बकरी काही सापडत नव्हती.

मग आत्या थांबल्या. खाली काकांकडे बघून म्हणाल्या, "दादा, आता हे तुमचं." आणि त्याच चालीवर त्यांनी नवीनच सुरू केलं:

"भट्टी गेली, ऊब गेली, झोपही गेली संगं गं,
धन्याच्या या येरझारांनी झिजलं माझं अंगण गं!
डबे मांडले उंचीवारी, मीठ घेऊ की राख गं,
भट्टी बांधा, लोकहो, नाहीतर नवरा तुम्हीच राखा गं!"

मैदान खो खो हसलं. काकांनी सावकाश मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकू आकाशात एक ढग निरखत होत्या.

"तू सांगितलंस."

"मी फक्त डब्यांचं सांगितलं," काकू म्हणाल्या. "बाकीचं त्यांना सुचलं."

नदीपलीकडचा बँड वाजवून गेला आणि मग जटा आणि त्याचे साथीदार आले. काकांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. या माणसांनी आपल्यासाठी एवढं केलंय, तेव्हा कान बंद करायचे नाहीत, तोंड वाकडं करायचं नाही, गाणं संपेपर्यंत ताठ बसायचं, असा त्यांनी निश्चय केला. खिशातले कापसाचे बोळे त्यांनी काकूंच्या हातात देऊन टाकले.

गाणं हळू सुरू झालं. आधी गिटार, मग ढोलकाठ्यांचा हलकासा चाळा. मग बेस गिटारवाल्याने खालचा सूर धरला. तो सूर घूं घूं करत गोल फिरू लागला आणि काकांना वाटलं, हा आवाज ओळखीचा आहे. पीठ मळायचं यंत्र असंच तर बोलायचं. रात्रभर, शेजारी, न थांबता. मागून उतरतं ऊन पाठीवर पडत होतं. भट्टीकडे पाठ करून लाद्या मांडताना पडावं तसं. स्पीकरमुळे खुर्चीखालची जमीन हलकेच थरथरत होती, आणि दुपारी पलंगाखालची तपेली अशीच थरथरायची.

'मित्रहो,' काकांनी एकदा मनात म्हणून पाहिलं. पुढे त्यांना काही आठवत नाही.

प्रथम कोणाच्या लक्षात आलं नाही. गाण्यात कुठून तरी एक नवीन आवाज शिरला होता; जाड, खर्जातला, शेवटी बारीकशी शीळ असलेला. बेस गिटारवाल्याने आपल्या तारा तपासल्या. ढोलवाल्याने मागे वळून पाहिलं. आत्यांच्या भावाला वाटलं, हे नवीन प्रकारचं वाद्य असणार, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला. मग जटाची नजर खाली गेली. काकांची मान छातीवर कलली होती, तोंड उघडं होतं आणि बरोबर त्याच्यासमोर औषधवाल्यांनी लावून ठेवलेला माइक होता.

काका घोरत होते. कपाटाएवढ्या स्पीकरमधून अख्ख्या मैदानाला ऐकू येईल असे.

काकूंनी पदराने तोंड झाकलं आणि दुसऱ्या हाताने त्यांना हलवायला गेल्या. औषधवाले माइक बंद करायला धावले. पण वरून जटा दोन्ही हात हलवून ओरडला, "नको! नको! राहू द्या!" आणि साथीदारांकडे वळून त्याने बोट खाली काकांकडे दाखवलं.

हे असं होणं आणि त्यामागे निघणं, यासाठीच तर ही माणसं वर्षानुवर्षं शेडमध्ये घाम गाळत होती. ढोलवाल्याने घोरण्याची लय धरली. काका श्वास आत घेत तेव्हा ठेका वर चढायचा, बाहेर सोडत तेव्हा उतरायचा. शिळेच्या जागी गिटार बारीक उत्तर द्यायची. काकांनी मध्येच एक श्वास चुकवला, तेव्हा सगळा बँड हवेत हात धरून थांबला, मैदान थांबलं, काकूंचं काळीज थांबलं. आणि काकांनी एक प्रचंड घरघर सोडून गाणं समेवर आणलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आत्यांना राहवेना. शाल कमरेला खोचून त्या परत वर गेल्या आणि घोरण्यावर अंगाईसारखं काहीतरी गाऊ लागल्या. नदीपलीकडचा बँडही आपापली वाद्यं घेऊन चढला.

बँडने दोनतीनदा गाणं संपवून पाहिलं. पण ते शेवटाकडे आले की काका नवीन लय घेऊन यायचे. लोक हसून दमले, मग हसणं थांबवून नुसते ऐकत राहिले. काकू पदर खाली करून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. कपाळावर एकही आठी नव्हती. भट्टी बसल्यापासून असा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी, लोकांना हसण्याचं वाटावं, म्हणून तसंच राहू दिलं.

ऊन उतरलं. बेस गिटारवाल्याच्या बोटांना फोड यायला लागले, तेव्हा जटाने हात उंचावला आणि सगळे एकदम थांबले.

शांतता पसरली. काका खाडकन जागे झाले.

"कोणी बंद केलं?" ते माइकमध्ये गरजले. "चालू ठेवा की! माणूस जरा झोपला तर..."

मग त्यांना समोर मैदान दिसलं. व्यासपीठावर जटा पोट धरून खाली बसला होता. काका हळूहळू उभे राहिले. कोटाची शिवण पाठीवर कुठेतरी उसवल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मित्रहो," ते म्हणाले आणि थांबले. हशा ओसरेपर्यंत त्यांना वेळ मिळाला, पण शब्द मिळाले नाहीत. "मला बोलता येत नाही. मला पाव करता येतो. तो सध्या बंद आहे. पण या पोरांनी... मी यांच्या दारावर फावडं आपटत होतो, आणि हे माझा शिळा पाव खात होते. त्याबद्दल मी माफी मागतो. शिळ्याबद्दल. फावड्याचं आपण नंतर बघू." एवढं बोलून ते खाली बसले, आणि टाळ्या थांबेनात तेव्हा पुन्हा उठून त्यांनी सगळ्यांना आता घरी जाऊन झोपायला सांगितलं. सूर्य अजून पुरता मावळला नव्हता.

भट्टी बांधून झाली. गवंड्याने नवा घुमट घातला, आठवडाभर मंद जाळ करून सुकवला, आणि पहिल्या घाण्यातले पाव काका स्वतः टोपलीत घालून कवळ्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी घेऊन गेले. जटाने तिथेच उभं राहून एक तोडला. वाफ त्याच्या जटांत शिरली. तो नुसता खात राहिला. काका त्याच्या जबड्याच्या हालचाली परीक्षकासारखे बघत होते.

"मग?"

"काका, आम्ही इतकी वर्षं काय खात होतो?"

"तेच विचार तुझ्या काकूला," काका म्हणाले आणि प्रसन्न होऊन घरी आले.

सराव पुन्हा सुरू झाला. काही दिवस काका कानात बोळे न घालता झोपले. मग बँडमध्ये एक तुतारीवाला आला, आणि काका लेंग्यावर खाली उतरून शटरवर फावडं आपटून आले. तेव्हा तुतारी संध्याकाळी वाजवायची असं ठरलं. बाकी जे आहे ते दुपारी चालेल, असं काकांनी मोठ्या मनाने सांगितलं.

पावसाळा सरला आणि डोंगरावरच्या आत्या बेकरीत आल्या. त्यांच्या वस्तीवरच्या दवाखान्याचं छप्पर उडालं होतं आणि त्यासाठी आता कार्यक्रम करायचा होता.

"दादा, तुम्ही यायलाच पाहिजे. लोक विचारतायत, ते घोरणारे येणार का म्हणून."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी बेकरीवाला आहे! घोरणं हा काय माझा धंदा आहे?" ते तणतणत आत गेले, भांडी आपटली, आणि थोड्या वेळाने पडद्यामागून त्यांचा आवाज आला, "दुपारचं आहे का? दुपारचं असेल तर बघू. दुपारी मी तसाही झोपतोच."

ते गेले. आत्यांनी त्यांच्यासाठी उशी ठेवली होती, माइकही जरा जवळ लावला होता. लोक श्वास रोखून वाट बघत होते. आणि काकांना काही केल्या झोप लागेना. एवढी माणसं आपल्या घोरण्यासाठी थांबलीत हा विचार डोक्यातून जाईना. त्यांनी डोळे मिटले, उघडले, उशी फिरवली, पाणी मागितलं. शेवटी ते हार मानून ताठ बसले आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी जटाचं एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत जागेपणी ऐकलं.

परतीच्या गाडीत काकूंनी विचारलं, "कसं वाटलं हो?"

काकांनी खिडकीबाहेर बघत विचार केला.

"मधलं चांगलं फुललं होतं," ते म्हणाले. "शेवटी जरा जास्त भाजलं."